'द आय ऑफ द वर्ल्ड' : तीनदा सोडलं, चौथ्यांदा संपवलं. पुढचं घ्यावं का? (रहस्यभेद आहे)

लोडशेडिंग | शुक्रवार, रात्री ११.२०

मंडळी,

दोन वर्षांपूर्वी भाच्याने वाढदिवसाला हा ठोकळा दिला. रॉबर्ट जॉर्डनचं 'द आय ऑफ द वर्ल्ड'. 'व्हील ऑफ टाईम' नावाच्या चौदा पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं. आठशेच्या आसपास पानं, बारीक टाइप, सुरुवातीला नकाशा, शेवटी शब्दकोश. पहिल्यांदा दीडशे पानांवर सोडलं. दुसऱ्यांदा शादार लोगोथ नावाच्या ओसाड शहरापर्यंत पोचलो. तिसऱ्यांदा कुठे सोडलं ते आठवतही नाही. गेल्या महिन्यात पाय प्लास्टरमध्ये गेला, टीव्हीचा रिमोट बायकोकडे, म्हणून चौथ्यांदा हातात घेतलं आणि काल रात्री दीड वाजता संपवलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टू रिव्हर्स हा आडबाजूचा मुलूख, त्यात इमंड्स फील्ड हे गाव. वसंताचा सण उद्यावर आलेला, पण थंडी हटत नाही. गावात मॉयरेन नावाची एक परकी बाई येते, तिच्यासोबत एक अबोल तलवारबाज. त्या रात्री ट्रोलॉक नावाचे अर्धे-माणूस-अर्धे-जनावर राक्षस गावावर तुटून पडतात. त्यांना गावातल्या तीन पोरांपैकी एक हवाय. मेंढपाळ रँड, लोहाराकडे उमेदवारी करणारा पेरिन, आणि उचापत्या मॅट. बाई तिघांना घेऊन निघते. पुढची सातशे पानं हे लोक चालतात.

आता माझी अडचण. प्रस्तावनेचं प्रकरण वाचून मी उठून बसलो होतो. लूज थेरिन नावाचा एक वेडा झालेला महापुरुष स्वतःच्या उद्ध्वस्त महालात बायकोला हाका मारत फिरतोय, आणि ती तिथेच मरून पडलीय, त्यानेच मारलंय, हे त्याला माहीत नाही. शत्रू येतो आणि त्याचं वेड बरं करतो. बरं करणं हीच शिक्षा! पाच-सहा पानांत एवढं. आणि मग पहिलं प्रकरण उघडतं तर काय, बाप-लेक गाडीतून दारूची पिंपं घेऊन गावात चाललेत. ते प्रस्तावनेतलं पुस्तक परत भेटतच नाही.

भाचा म्हणतो, "मामा, पहिलं सहन कर, चौथ्यापासून खरी मजा." म्हणजे साधारण दोन-सव्वादोन हजार पानं सहन करायची? आमच्या काळी लग्नंसुद्धा एवढ्या बोलीवर होत नव्हती.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

गवती_चहा | रात्री ११.४१

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे हे किंडलवर कधीचं पडून आहे. आज सुरू करतेच. धागा रहस्यभेदामुळे इथपर्यंतच वाचला!

---

बोरूबहाद्दर | रात्री ११.५८

मार्गदर्शन असे की घेऊ नये.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलंय ना? मग हे वाचलेलंच आहे. शांत, आत्मसंतुष्ट खेडं. गावाबाहेर दिसलेला काळा घोडेस्वार, ज्याचा झगा वाऱ्यानेही हलत नाही. सगळं ठाऊक असून काहीच न सांगणारी मांत्रिक व्यक्ती. तिच्यासोबत राज्य गमावलेला राजा, जो आता रानोमाळ भटकतो. डोंगराखालच्या अंधाऱ्या खाणींच्या जागी 'वेज' नावाचे अंधारे, गूढ रस्ते. पाठलागावर एक खुरडत येणारा, हिडीस, थोडा कीव येण्यासारखा फेरीवाला. झाडांशी नातं असलेले अजस्र सज्जन. यादी अजून वाढवता येईल पण उद्या ऑफिस आहे.

फरक एवढाच की टोल्किन एका वाक्यात डोंगर उभा करतो आणि जॉर्डन तीन पानांत खानावळीतला रस्सा वाढतो.

---

पुनवडी | शनिवार, सकाळी ८.१५

बोरूबहाद्दर, रस्सा मान्य. कपड्यांवरची नक्षीसुद्धा मान्य. बाकी यादी खरी असली तरी निष्कर्ष चुकलाय.

सुरुवात टोल्किनसारखी वाटावी हा बेत होता, जॉर्डनने स्वतःच तसं सांगितलेलं आहे. पुस्तक १९९० सालचं. वाचकाला ओळखीच्या अंगणात बसवायचं आणि मग हळूच अंगण बदलायचं. तुम्ही अंगणातूनच परत गेलात.

शादार लोगोथच घ्या. लोडशेडिंग, तुम्ही दुसऱ्यांदा सोडलंत ते अगदी मोक्याच्या जागी सोडलंत. त्या शहराचं जुनं नाव आरिधोल. ते सैतानाच्या बाजूने नव्हतंच, उलट त्याच्याविरुद्ध लढत होतं. पण लढता लढता इतकं संशयी आणि क्रूर झालं की शेजाऱ्याने शेजाऱ्याला खाल्लं आणि शहर आतून कुजलं. आता तिथे जे भरून राहिलंय त्याला ट्रोलॉकसुद्धा घाबरतात. म्हणजे सैतानाखेरीज दुसरंही एक दुष्टपण आहे, आणि ते सत्पक्षाच्या पोटात जन्मलेलं आहे. मॅट तिथून एक खंजीर चोरतो आणि नंतर हळूहळू मित्रांवरच डूख धरू लागतो. हे टोल्किनच्या नकाशावर कुठे दाखवता?

आणि एस सिडाय! मॉयरेन ज्यांच्यातली, त्या या मांत्रिक बायकांना खोटं बोलता येत नाही, शपथेने बांधलेल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्याआड एक वकील बसलेला असतो. पहिल्या वाचनात ही बाई पोरांना वाचवतेय असं वाटतं, दुसऱ्या वाचनात तिने नेमकं काय म्हटलं नव्हतं ते दिसतं.

---

बोरूबहाद्दर | सकाळी ९.०२

आरिधोलचा मुद्दा चांगला आहे, तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. पण आठशे पानांच्या पुस्तकात दुसऱ्यांदा वाचल्यावर मजा येते ही तारीफ नाही हो, हप्ता आहे.

---

शब्दखूळ | सकाळी ९.३०

रच्याकने (म्हणजे बाय द वे), शब्दकोशात उच्चार दिलेत. 'मॉयरेन' नाही, म्वारेन. आणि एस सिडाय नाही, आईझ सेडाय. इंग्रजीत वाचताना डोळा नुसता घसरत पुढे जातो, चौदा पुस्तकं उच्चार न ठरवता निघतात. देवनागरीत लिहायला बसलं की पहिल्याच अक्षराला अडतं. मी या धाग्यावर लिहायच्या आधी तीनदा मागची पानं उघडली.

---

पुनवडी | सकाळी ९.४४

मी वीस वर्षं मॉयरेन म्हणतोय. या वयात नाही बदलणार.

---

जर्सीची_काकू | सकाळी १०.२०

आमच्याकडे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहिते.

मी ही मालिका इथल्या लायब्ररीत सुरू केली, नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा. नवरा ऑफिसला, गाडी येत नाही, बाहेर बर्फ. या पुस्तकातही हिवाळा संपत नाही, ते फार जवळचं वाटलं होतं. सातवं पुस्तक १९९६ चं, ते वाचत होते तेव्हा मोठी पोटात होती. चौदावं आलं जानेवारी २०१३ ला, तेव्हा ती कॉलेजचे अर्ज भरत होती. मधे २००७ मध्ये जॉर्डन गेला, हृदयाचा अमायलॉइडोसिस. शेवट काय होणार ते सांगून, लिहून ठेवून गेला. त्याची बायको हॅरिएट मॅक्डूगल हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसनला निवडलं आणि त्याने शेवटची तीन लिहिली. हे सगळं आम्ही घडताना पाहिलेलं. आता सगळी चौदा एकदम समोर ठेवून "सहन कर" म्हणणारे भाचे पाहिले की हसू येतं. आम्ही तर दोन-दोन वर्षं पुढच्याची वाट पाहत बसायचो.

माझं मत उलटं आहे. मला पहिलंच सगळ्यात आवडतं. पुढे जग पसरत जातं, राण्या, दरबार, शेकडो नावं. कोण कुठल्या तंबूत आहे ते लक्षात ठेवायला वही लागते. इथे मात्र मोजकी माणसं, एक रस्ता, पायाला फोड. रँड जखमी बापाला, टॅमला, रात्रीच्या रानातून एकटा ओढत गावाकडे नेतो ते प्रकरण आठवा. बापाला ताप चढलाय, तो जुन्या लढाईचं काहीबाही बरळतोय, बर्फाबद्दल, डोंगरउतारावर सापडलेल्या बाळाबद्दल. पोराला कळतंय की हे आपल्याबद्दल आहे, आणि कळून घ्यायचं नाहीये. पाठीमागे ट्रोलॉक आहेत पण खरी भीती ती नाहीच.

जॉर्डन व्हिएतनामला दोनदा जाऊन आलेला, हेलिकॉप्टरवर मशीनगनमागे बसायचा. घरी आलेला सैनिक मुलाला काय सांगत नाही, हे त्याला वेगळं शिकावं लागलं नसणार.

---

लोडशेडिंग | सकाळी ११.०५

काकू, ते प्रकरण वाचताना मी प्लास्टरचा पाय विसरून उभा राहायला गेलो होतो. धाग्यात लिहायचं राहून गेलं. आवडलेल्या गोष्टी राहूनच जातात.

---

स्पष्टवक्ती | दुपारी १.१०

मी वाचलंय आणि मला चीड आली होती, ती लिहिते.

सगळे म्हणतात, बघा, १९९० साली बायकांच्या हातात सत्ता दिली. जादू फक्त बायकांनाच सुरक्षितपणे वापरता येते, पुरुषांची बाजू विटाळलेली, ती वापरली की वेड लागतं. कल्पना जबरदस्त आहे, शंकाच नाही. पण मग या सत्ताधारी बायका करतात काय? वैतागतात. नायनीव्ह गावाची वैद्य, वयाने लहान म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही म्हणून सतत फणकारलेली, हात वेणीवर. गावातलीच पोरगी एग्वेन, ती नाक उडवते. प्रत्येक पुरुष मनातल्या मनात म्हणतो "बायकांचं काही कळत नाही" आणि प्रत्येक बाई म्हणते "पुरुषांना अक्कल नाही". एकदा गंमत, दोनदा गंमत. आठशे पानं?

एक मात्र मान्य करते. इमंड्स फील्डमध्ये पुरुषांची ग्रामसभा आणि बायकांचं मंडळ समोरासमोर आहेत, आणि शेवटी कुणाचं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. ते वाचताना आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली.

---

पुनवडी | दुपारी १.३५

रँडला वाटतं पेरिनला पोरींशी बोलता येतं, पेरिनला वाटतं रँडला येतं. हे लेखकाने मुद्दाम पेरलंय. कुणालाच काही कळत नाही हाच विनोद आहे.

---

स्पष्टवक्ती | दुपारी १.४१

विनोद आहे हे कळलं. वारंवार कळलं.

---

शंकासुर | दुपारी ३.२५

मूळ कल्पनेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मालिकेचं नावच मुळी कालचक्र आहे. सात आऱ्यांचं चाक, सात युगं, फिरून पुन्हा तेच. गेलेलं युग आधी आठवण, मग दंतकथा, मग तेही नाही. हे इंग्रजी वाचकाला नवीन वाटलं असेल, आपल्याकडे आजी झोपवताना सांगते.

पण फरक फार मजेचा आहे. आपल्याकडे अवतार यायचा म्हणजे लोक डोळे लावून बसतात. धर्माला ग्लानी आली की तो येणार, हे आश्वासन आहे. इथे ड्रॅगन, म्हणजे प्रस्तावनेतला तोच लूज थेरिन, पुन्हा जन्मणार ही धमकी आहे. त्याच्याशिवाय जग वाचणार नाही, आणि गेल्या वेळी त्याच्याच वेडापायी जग मोडलं होतं. म्हणून तिन्ही पोरांना मनापासून वाटत असतं की तो आपण नसावा. दुसऱ्या दोघांपैकी कुणीतरी असावा असंही उघड म्हणवत नाही. लोडशेडिंग, तुम्ही म्हणता प्रस्तावनेतलं पुस्तक परत भेटत नाही. ते प्रत्येक पानात आहे. लूज थेरिनचं काय झालं ते वाचून तुम्ही पुढे गेलात, म्हणून रँडला पहिल्यांदा थोडा ताप भरतो आणि तो वेड्यासारखं धाडस करतो तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो. त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आणि एक खास आपल्यासाठी. चौथ्या प्रकरणात थॉम नावाचा ठिगळांच्या झग्यातला गोष्टीवेल्हाळ गावातल्या पोरांना जुन्या गोष्टींची नावं सांगतो. त्यात अग्नीच्या गरुडाच्या पोटात बसून चंद्रावर गेलेला लेन आहे. जगाला वळसा घालणाऱ्या आगीच्या भाल्याचा राक्षस मॉस्क आहे. आणि 'माटेरिझ, अद्भुत इंडची माता, रोग बरे करणारी' आहे. मोठ्याने म्हणून बघा. मदर तेरेसा! मॉस्क म्हणजे मॉस्को. म्हणजे हे आपलंच जग आहे, आपण त्याचं विसरलेलं युग आहोत. पहिल्या वाचनात मी हे चार ओळींचं भारूड समजून उलटलं होतं.

---

बोरूबहाद्दर | दुपारी ३.५०

माटेरिझ!! हे माहीत नव्हतं. दंडवत.

पुस्तक तरीही लांब आहे.

---

करवीरकर | सायंकाळी ५.४०

सगळी पंडित मंडळी बोलून झाली, आता आमच्यासारख्यांचं ऐका. मी ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून हे वाचलं, गिऱ्हाईक आलं की खाली, गेलं की वर. मला आवडलेला भाग म्हणजे केमलिन शहराची वाट. सगळे पांगलेत. रँड आणि मॅट दोघंच, खिशात पैसा नाही. रँड थॉमची बासरी वाजवतो, मॅट चेंडू झेलतो, आणि खानावळीत एका रात्रीचं जेवण आणि झोपायला जागा मिळवतात. कधी मिळते, कधी गवताच्या गंजीत झोपतात. प्रत्येक खानावळवाला गल्ल्याकडे एक डोळा ठेवून त्यांच्याकडे बघतो. दुसऱ्या दिवशी परत चालायला लागायचं. राक्षस वगैरे राहू द्या, अंगावर मळकं कापड असलेल्या पोराकडे गावं कशी बघतात ते त्या माणसाने बरोबर लिहिलंय. आमच्यात डोंबारी यायचे तेव्हा आम्ही तसंच बघायचो.

फक्त तिथे काळ मागे-पुढे केलाय. ते शेतकऱ्याच्या गाडीत बसलेत, मग मागच्या चार दिवसांचं सांगतो, मग परत गाडी. मला वाटलं माझ्या प्रतीत पानं चुकीची बांधलीत. प्रकाशकाला शिव्या घालून झाल्या, मग कळलं.

---

पुनवडी | सायंकाळी ६.०२

+१ करवीरकर. पानं मोजून बघणारे तुम्ही एकटे नाही.

---

शब्दखूळ | सायंकाळी ६.३०

पण शेवट? शेवटाबद्दल कुणी बोलणार आहे का? 'जगाचा डोळा' ज्याच्या नावाने पुस्तक आहे, त्याचा पत्ता पाऊणएक पुस्तक झाल्यावर लागतो. मग एकदम सगळे उत्तरेला, वेजमधून, ब्लाइट नावाच्या सडलेल्या मुलखातून, हिरव्या माणसाच्या बागेत. तिथे दोन पुरातन खलनायक उगवतात ज्यांची नावं आपण धड लक्षातही ठेवलेली नाहीत. रँड क्षणात दुसरीकडेच, एका खिंडीतल्या लढाईत. मग मोठ्या अक्षरांत कुणीतरी बोलतं. मग जिना. मग संपलं. मी तीन वेळा वाचलं, प्रत्येक वेळी वेगळं कळलं.

---

जर्सीची_काकू | सायंकाळी ७.१५

खरं आहे, शेवटची पन्नास पानं गोंधळाची आहेत. पण रँडलाही काय झालं ते कळलेलं नाही ना. त्याला वाटतं सैतान मेला, आणि सैतान असा पहिल्याच पुस्तकात मरत असता तर मला सतरा वर्षं कशाला लागली असती.

---

संपादक मंडळ | सायंकाळी ७.२०

टीव्ही मालिकेबद्दलचे (२०२१ ते २०२५, तीन हंगाम, पेरिनला बायको का दिली इ.) अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया इथे पुस्तकाबद्दलच बोलावे.

---

बोरूबहाद्दर | सायंकाळी ७.२४

पेरिनला बायको का दिली?

---

संपादक मंडळ | सायंकाळी ७.२५

बोरूबहाद्दर.

---

लोडशेडिंग | रात्री ९.५०

सर्वांचे आभार. प्रस्तावना परत वाचली, शंकासुर म्हणाले तसं. मग टॅमचं प्रकरण परत वाचलं. मग केमलिनची वाट. या वेळी ती मधली, मागे-पुढे उड्या मारणारी प्रकरणं घाई न करता वाचली, आणि करवीरकरांच्या त्या शेतकऱ्याच्या गाडीत मीही बसलो. शेवटची पन्नास पानं मात्र परत वाचली नाहीत, तिथे शब्दखूळ यांच्या बाजूने.

भाच्याला संध्याकाळी फोन केला. म्हटलं, तू मला सहन कर म्हणालास ते चुकीचं होतं. ज्या भागाला तुम्ही सगळे कंटाळवाणा म्हणता, पायी चालण्याचा, तोच मला आवडला. तर म्हणतो, "मग मामा, तुला चौथं आवडणार नाही." आता काय करू? दुसरं 'द ग्रेट हंट' त्याने कुरियरने पाठवलंय म्हणे. माझं प्लास्टर सोमवारी निघणार आहे.

---

जर्सीची_काकू | रात्री १०.०५

सोमवारपर्यंत दोनशे पानं होतात हो.

---

गवती_चहा | रात्री ११.१२

रहस्यभेद टाळून फक्त शेवटचे दोन प्रतिसाद वाचले. माझी चार प्रकरणं झाली. छान आहे, पण अजून काहीच घडत नाहीये! सगळे सणाची तयारी करतायत, तो ठिगळवाला आजोबा पोरांना गोष्टी सांगतोय, रँड आणि त्याचे बाबा गाडी जुंपून शेतावरच्या घरी निघालेत. पुढचं प्रकरण झोपायच्या आधी वाचू का उद्या?

---

पुनवडी | रात्री ११.१४

उद्या.

---

करवीरकर | रात्री ११.१५

आज वाचा. फक्त आधी दाराची कडी बघून या.